पोलकं तिचं, आवाज तिचा

ते पोलकं मी शिवलं होतं. पिवळं, बाह्यांना हिरवी पट्टी, आणि खाली हिरवा परकर. कापड कट्टा गावच्या बाजारातलं, शिलाई माझ्या हातची. ज्या मुलीसाठी शिवलं ती माझ्या भावाची मुलगी. तेव्हा पाच वर्षांची होती आणि मी चालवते त्याच अंगणवाडीत यायची. घरी मला आते म्हणायची, अंगणवाडीच्या पायरीवर पाय ठेवला की बाई. हा फरक तिला कोणी शिकवलेला नव्हता, तिचा तिनेच केलेला होता.

पोलकं शिवायचं कारण असं, की लहान मुलांना शिकवणारे टीव्हीचे कार्यक्रम करणारी मंडळी मुंबईहून आमच्या गावात येणार होती. काजू कसा येतो ते मुलांना दाखवायचं होतं. त्याआधी त्यांच्यातल्या एक मॅडम एकट्याच येऊन गेल्या. सुती साडी, गळ्यात मोठे मणी, बोलणं गोड. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे वर करून बसल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, टीव्हीवरची सगळी मुलं सारखीच असतात. गोरी, गुबगुबीत, शहरातली. मुलगी बाहुली घेऊन बसते आणि मुलगा दुर्बीण घेऊन फिरतो. आम्हाला हे बदलायचंय. तुमच्या मुलांना पडद्यावर स्वतःला बघता आलं पाहिजे."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. माझ्या मनातलं कोणी इतकं शुद्ध मराठीत बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझ्या अंगणवाडीच्या भिंतीवर जे तक्ते आहेत त्यांत आई गोरी आणि चुलीपाशी, बाबा गोरे आणि पेपर वाचणारे, डॉक्टर पुरुष, नर्स बाई. खडूंच्या डब्यात फिका गुलाबी खडू सगळ्यात आधी झिजतो, कारण पोरं त्याला "अंगाचो रंग" म्हणतात. स्वतःचा हात समोर ठेवून काढायला सांगितला तरी गुलाबीच खडू उचलतात. तपकिरी खडू अख्खा राहतो. तो झाडाच्या खोडाला लागतो, दुसरं काही नाही. वर्षानुवर्षं हे बघून माझं डोकं फिरायची वेळ आलेली, आणि ही बाई म्हणते बदलायचंय. मी त्यांना दुसरा चहा केला.

मॅडमनी मुलांना विचारलं, काजू कसा येतो, कोण सांगणार? सगळी एकदम ओरडली. भावाची मुलगी ओरडली नाही. ती उठली, मॅडमचं बोट धरलं आणि त्यांना अंगणवाडीमागच्या काजीच्या झाडाखाली घेऊन गेली. सरसर वर चढली, एक बोंड, काजूचं ते रसाळ फळ, तोडलं, बी पिरगळून वेगळी काढली आणि वरूनच सांगितलं, "आंब्याची बी पोटात आसता, काजीची भायर लोंबता. बी आधी येता, बोंडू मागसून फुगता." मॅडमनी टाळ्या वाजवल्या. म्हणाल्या, "हीच. हीच मला पाहिजे."

इथे एक गोष्ट सांगून टाकते. मुलगी काळी आहे. सावळी, निमगोरी, उजळ अशी पाणी घातलेली भाषा मी वापरणार नाही. माझी आई अशीच होती, मी अशीच आहे, भाऊ असाच आहे. मला बघायला येऊन गेलेल्या लोकांची आठवण गावात अजून काढतात, तेव्हा त्या विषयात शिरत नाही. मॅडमनी तिला दिवसाढवळ्या बघितलं होतं, आणि बघूनच निवडलं होतं, एवढंच लक्षात असू दे.

भावाबद्दलही आत्ताच सांगते, कारण पुढे तो लागणार आहे. पावसाळ्यात तो शेती करतो आणि जत्रा सुरू झाल्या की दशावतारात जातो. तो स्त्री पार्ट करतो. राणी, देवी, कधी एखादी छळलेली सून. दशावतारात बाई नसते, बाईचं काम पुरुषच करतो, आणि माझा भाऊ ते इतकं चांगलं करतो की म्हाताऱ्या बायका रडतात. संध्याकाळी देवळाच्या आवारात तो मांडी घालून तोंड रंगवायला बसतो. जवळच्या गावात खेळ असला की मुलगी बरोबर असते. आरसा धरायचं काम तिचं. तो आधी गळ्यापर्यंत फिका गुलाबी रंग फासतो, मग भुवया, काजळ, ओठ. त्याचं काळं तोंड हळूहळू आत जातं आणि गोरी राणी बाहेर येते. हे तिनं चालायला लागल्यापासून अगदी हातभर अंतरावरून पाहिलेलं आहे. शेवटी तो आरशात हसून बघतो, आणि रंगाला भेगा पडू नयेत म्हणून फक्त ओठ हलवून हसतो. तेही तिला ठाऊक.

शूटिंगच्या दिवशी दोन गाड्या आल्या. एका गाडीत कॅमेरा, मॅडम आणि एक सर. दुसरीत एक बाई आणि तिची गोरीपान मुलगी, साधारण आमच्या मुलीएवढीच. मॅडम म्हणाल्या, ओळखीच्यांची आहे, कोकण बघायला आली आहे. मी त्या मुलीला शहाळं दिलं. तिचा काय दोष, ती बिचारी उन्हानं लाल झाली होती.

आमच्याकडे काजीखाली कोणी नवे कपडे घालून जात नाही. बोंडाचा रस कपड्याला लागला की तो डाग जन्मात जात नाही. पण सरांना रंग हवे होते, म्हणून नवं पोलकं. मुलगी झाडावर चढली आणि पहिल्याच बोंडाचा रस डाव्या बाहीवर सांडला. मी हळहळले. सर म्हणाले, असू दे, खरं वाटतं.

मग ते कॅमेऱ्यात बघत राहिले. पांढरा थर्मोकोल आणला, तो तिच्या तोंडासमोर धरला. तिचे डोळे दिपले. सर मॅडमना म्हणाले, "पानांच्या सावलीत चेहराच उठत नाहीये." पुन्हा बघितलं. पुन्हा म्हणाले, "नुसते दात दिसतायत." हळू बोलले होते, पण मला ऐकू आलं आणि तिलाही आलं असावं, कारण तिनं तोंड मिटलं. शेवटी तिला खाली उतरवलं. आमच्याच अंगणवाडीतला एक मुलगा होता, घारा, गव्हाळ, झाडावर चढायला घाबरणारा. त्याला स्टुलावर उभा करून फांदी धरायला लावली, आणि स्टूल दिसणार नाही असा कॅमेरा लावला. मुलगा वर, मुलगी खाली परकर पसरून. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान दुसरीकडे फिरवली.

जेवणाआधी अंगणवाडीच्या खिडक्यांना गोधड्या लावून तिचा आवाज घेतला. तिचा आवाज खरंच सुरेख आहे, स्वच्छ आणि जरा खोल. तिनं काजूचं सगळं सांगितलं, मी घरी घोटून घेतलेल्या शुद्ध मराठीत. मग सरांनी तिच्याकडून "अय्या, खरंच?" असं म्हणवून घेतलं. आमच्या गावात जन्मून मेलेली एकही बाई कधी अय्या म्हणाली नसेल. तिनं ते नीट जमेपर्यंत म्हटलं.

मग म्हणाले, मुलांना जेवायला घेऊन जा, मुलगा थोडा वेळ राहू दे, त्याचे वडील आहेत बरोबर. आणि मॅडम म्हणाल्या, "ताई, पोलकं-परकर ठेवून जाल का? उगाच मळायला नको." मी तिला जुना फ्रॉक घालून घरी नेलं. संध्याकाळी कपडे परत मिळाले ते घडी घालून. पोलक्याच्या गळ्याला आतून पावडर लागली होती. मला वाटलं सकाळी हिलाच लावली असेल. दुसऱ्या दिवशी त्या मुलानं सांगितलंही, की गाडीतल्या मुलीचे फोटो काढले आणि तिनं त्याला चॉकलेट दिलं. मला वाटलं, हौस असते माणसांना.

पाऊस गेला, भात झोडून झालं, जत्रा सुरू झाल्या, तेव्हा मॅडमचा मेसेज आला. कार्यक्रम तयार आहे, लिंक पाठवते. अंगणवाडीत एक मोठा टीव्ही आहे. कोणा दात्यानं दिलेला, पडद्यापेक्षा त्याच्या नावाची पट्टी आधी दिसते. मी सगळ्यांच्या आयांना बोलावलं. भाऊ आला, वहिनी आली. मुलगी हट्ट करून तेच पोलकं घालून पुढे बसली. काखेत जरा घट्ट झालं होतं.

गाणं झालं. काजीचं झाड दिसलं, आमचंच. फांदीवर तो मुलगा, सगळ्यांनी त्याचं नाव घेऊन गलका केला. पण तो बोलायला लागला तर आवाज भलत्याच कोणाचा, शहरातल्या मुलाचा. बी आधी येते, फळ नंतर फुगतं, हे सगळं तो सांगत होता. जे हिनं झाडावर बसून सांगितलं होतं तेच, फक्त शुद्ध मराठीत, त्याच्या तोंडात. आणि खाली परकर पसरून उभी होती ती गाडीतली गोरी मुलगी. पिवळं पोलकं, हिरवी पट्टी. तिनं वर बघितलं, तोंड उघडलं आणि आमच्या मुलीच्या आवाजात म्हणाली, "अय्या, खरंच?"

आमच्या गावातून त्यांनी एक चेहरा उचलला होता आणि एक आवाज उचलला होता. चेहरा मुलाचा, आवाज मुलीचा.

एक बाई हळूच म्हणाली, "बरा दिसता पण." मी भावाकडे बघितलं, तो पडद्याकडे बघत होता. आणि मुलगी मागे वळली. तिचं तोंड आनंदानं नुसतं फुललेलं. मला म्हणाली, "आते, मी बघ कशी गोरी झालंय."

वहिनी म्हणाली, "व्हय गो बाय." दुसरं ती काय म्हणणार होती?

मी मात्र संध्याकाळी तिला जवळ घेऊन स्पष्ट सांगितलं. म्हटलं, ता तू नाय बाय, ता दुसरा चेडू, गाडयेतून इलेला. तुका काढल्यानी आणि तेका घातल्यानी. ती ऐकून घेते आणि मग वकिलासारखी बोलते. म्हणाली, "मगे आवाज माझो कसो?" तुझोच, म्हटलं. "पोलका माझा नाय?" तुझाच. तिनं डावी बाही पुढे केली आणि त्यावरचा काजूचा डाग दाखवला. "टीव्हीत पण हो डाग आसा. माझोच डाग तो. माका रंग लावल्यानी, बाबा लावता तसो." आणि मला समजावल्यासारखं म्हणाली, "बाबा राणी झालो काय तो बाबाच आसता मा?"

आवाज तिचा, कपडे तिचे, डागसुद्धा तिचा. तिच्या घरात काळं माणूस रोज गोरं होतं आणि तरी तेच राहतं. तिचा हिशेब चुकला असं कोणत्या तोंडानं म्हणू?

मी मॅडमना फोन लावला. त्यांना वाईट वाटत होतं, ते आवाजात कळत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. म्हणाल्या, "ताई, मी खूप भांडले. पण वरच्यांचं म्हणणं, लहान मुलं गोड चेहऱ्यापाशी थांबतात, नाहीतर दुसरं काहीतरी लावतात. आणि आवाज तिचाच ठेवलाय ना. थोडा गावाकडचा हेल मुद्दाम ठेवलाय. लोकांना फार आवडतोय."

"तुम्ही म्हणाला होता, मुलांना स्वतःला बघता आलं पाहिजे."

"हो ना. तुमचं गाव दिसतंय की. झाड दिसतंय."

"झाडाचं खोड काळं चाललं तुम्हाला," मी म्हटलं. त्यावर त्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा येऊ असं काहीतरी सांगितलं. मी फोन ठेवला.

अंगणवाडीत रोज भांडण सुरू झालं. ती म्हणायची टीव्हीतली मीच. तो घारा मुलगा म्हणायचा, "ता तू न्हय. ता गाडयेतला चेडू. माका चॉकलेट दिल्यान, मी बघलंय." बाकीची पोरं त्याच्या बाजूची, कारण त्यांना डोळे होते. "तू काळा, ता गोरा," असं एकीनं म्हटलं आणि मग ते सगळ्यांनी धरलं. मी ओरडले की थांबायची, खिचडी वाढायला वळले की पुन्हा. मुलगी रडली नाही. पण गाणी म्हणताना सगळ्यात वर असणारा तिचा आवाज ऐकू येईनासा झाला. तिनं तोंड उघडलं की पोरं म्हणायची, टीव्हीतल्या चेडवाचो आवाज काढता.

तिचाच आवाज, आणि ती नक्कल करते म्हणे. या गोष्टीनं मला जितकी चीड आली तितकी चेहऱ्याच्या गोष्टीनंही आली नव्हती.

त्या आठवड्यात आमच्या देवळात खेळ होता. संध्याकाळी मी भावापाशी गेले. तो रंग फासत होता, आरसा खांबाला टेकवून ठेवलेला. मुलगी शेजारी बसून रंगाचे डबे लावत होती. मी तिला दिवे बघायला पाठवलं आणि भावाला विचारलं, तुला राग कसा येत नाही?

"कोणाकोणाचो राग करू?" तो म्हणाला. त्याचं अर्धं तोंड गोरं झालं होतं. "मी पण काळोच. पण राणी गोरीच लागता. काळी राणी कोण बघतलो? लोक उठान जातले."

"कोणी दाखवलीच नाय तर उठान जातत ता कळतला कसा?"

"तू अंगणवाडीत शिकय. माका खेळ करूचो आसा."

मला संताप आवरेना. मी म्हटलं, "तू सकाळी धुवान टाकतंस. तुझ्या चेडवान काय धुवचा?"

त्याचा हात थांबला. पण खेळाची वेळ होत आली होती आणि उरलेलं अर्धं तोंड रंगवायचं होतं. त्यानं बोटावर रंग घेतला. मी उठून घरी आले. खेळ पाहिला नाही. त्या रात्री राणी छान झाली असं दुसऱ्या दिवशी वहिनीनं सांगितलं.

त्याच दिवसाची सकाळ. भाऊ दमून झोपलेला, वहिनी पाण्याला गेलेली, आणि रंगाची पेटी ओसरीवर तशीच उघडी. मी अंगणवाडीत सतरंजी अंथरत होते. पोरं येत होती. पायरीवर चपला काढल्याचा आवाज आला आणि मी मान वर केली.

ती दारात उभी होती. पिवळं पोलकं, हिरवा परकर. तोंड फिक्या गुलाबी रंगानं लिंपलेलं, गळ्याखालपर्यंत नीट उतरवलेला रंग, बाबा उतरवतो तसा. ओठ लाल. फक्त कान राहिले होते, आणि हात. पाच वर्षांच्या बोटांनी केलेलं काम होतं पण हात बसलेला होता, इतकी वर्षं समोर आरसा धरून बघितलेलं.

मी मोरीकडे धावले, पंचा भिजवला. डोक्यात एकच, आता पोरं हसणार, आणि जो पहिला हसेल त्याच्या मी कानफटात देणार, मग नोकरी गेली तरी चालेल. ओला पंचा घेऊन मी बाहेर आले.

कोणी हसत नव्हतं. सगळी तिच्याकडे बघत होती. तो घारा मुलगा उठून तिच्यापाशी गेला. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं, बाहीवरचा डाग बघितला, पुन्हा तोंडाकडे बघितलं. मग स्वतःची पुढची जागा तिला मोकळी करून दिली.

"होय गो," तो म्हणाला. "तूच ता."

ती जाऊन पुढे बसली. माझ्या हातातल्या पंच्याकडे तिचं लक्ष गेलं आणि तिनं दोन्ही हात तोंडासमोर धरले, रंगाला लागू नयेत असे, जरा लांब. मग गाणं सुरू केलं. तिचा आवाज पुन्हा सगळ्यांच्या वर होता. रंगाला भेगा पडू नयेत म्हणून ती फक्त ओठ हलवत होती.